वस्तू कोणाचं ऐकते?

नवी मुंबईतल्या जुईनगरच्या सेक्टर २४मधल्या एखाद्या घरात कोणी पलंगावर बसल्या बसल्या मोबाइलवर बोट टेकवतं आणि समोरचा दिवा लागतो. बोट आणि दिवा यांच्यात अंतर आठ फुटांचं. हुकूम मात्र बहुतेक वेळा या आठ फुटांतून जात नाही. तो मोबाइलमधून राउटरकडे जातो, फायबरने इमारतीबाहेर पडतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचतो. तिथे खातं तपासलं जातं, दिवा याच माणसाचा आहे का ते पाहिलं जातं, कितीला लावला याची नोंद होते. मग हुकूम उलट्या वाटेने दिव्यातल्या चिपपर्यंत येतो. सगळं एक-दोन सेकंदांत उरकतं, म्हणून कोणाला खटकत नाही. ते खटकायला हवं. स्वतःच्या घरातला दिवा लावायला आपण रोज दुसऱ्याची परवानगी घेतो, आणि ही सोय आपणच पैसे देऊन घरी आणलेली असते.

म्हणून माझं म्हणणं एकच. स्मार्ट वस्तू घेताना ती काय काय करते, हे दुकानदार सांगेलच. ती कोणाचं ऐकते, हे तुम्ही विचारा.

*

आधी आतली रचना समजून घेऊ. दिवा असो, प्लग असो की दाराची कडी, आत साधारण तीनच प्रकारच्या गोष्टी असतात, कुठे एखादी कमी. एक सेन्सर, जो उजेड, उष्णता, हालचाल, पाण्याची पातळी यांतलं काहीतरी ओळखतो. एक इवलासा संगणक, म्हणजे वायफायची चिप. आणि एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, जो प्रवाह जोडतो किंवा तोडतो. २०१४मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही स्वस्त वायफाय चिप बाजारात आली आणि ही सगळी करामत काही शे रुपयांच्या प्लगमध्ये मावू लागली. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं, केविन ॲश्टन यांनी १९९९मध्ये दिलेलं. यातली बरीच उपकरणं ज्या एमक्यूटीटी पद्धतीने निरोप पाठवतात, तीही १९९९चीच. तेलाच्या वाहिन्यांवर दूरवरून लक्ष ठेवायला ती तयार केली होती. ओसाड प्रदेशातल्या वाहिनीसाठी असा दूरचा निरोप गरजेचाच होता, कारण तिथे जवळ माणूसच नव्हता. आपल्या घरात मात्र माणूस दिव्यापासून आठ फुटांवर बसलेला असतो.

या तीन गोष्टींपैकी एकीलाही घराबाहेरच्या सर्व्हरची गरज नाही. मोबाइल आणि दिवा एकाच राउटरवर असतील, तर हुकूम घरातल्या घरात पोहोचू शकतो. झिगबी, थ्रेड यांसारख्या पद्धती तर वायफायशिवायही चालतात. ऑक्टोबर २०२२मध्ये बड्या कंपन्यांनी मिळून ‘मॅटर’ नावाचं मानक आणलं. घरातला हुकूम घरातच पुरा व्हावा ही त्याची पायाभूत अट आहे. होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर २०१३पासून फुकट मिळतं आणि एका छोट्या संगणकावर अख्खं घर चालवतं.

मग सर्व्हर मध्ये का येतो? त्याचं एक प्रामाणिक कारण आहे. ऑफिसात बसून घरचा गीझर बंद करायचा असेल, तर बाहेरून घरात शिरायला रस्ता लागतो आणि कंपनीचा सर्व्हर तो विनासायास देतो. ही सोय खरी आहे. पण तिच्या आडून कंपनी घरातल्या घरातला हुकूमही स्वतःकडून फिरवून नेते. त्यातून तिला तुमच्या दिनक्रमाची नोंद मिळते, वर्गणी लावायची वाट मिळते आणि वाटेल तेव्हा सेवा थांबवायचा अधिकार मिळतो. दिवा तुमच्या छताला टांगलेला असतो आणि त्याचा ताबा मात्र तिच्याकडे राहतो.

*

‘क्लाउड’ म्हटलं की लोक वर पाहतात. जुईनगरकरांनी ट्रान्स हार्बरच्या ठाणे लोकलमध्ये बसून खिडकीबाहेर पाहावं. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. या पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत, महापे आणि रबाळ्यात, जिथे एके काळी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, तिथे आता डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. पनवेलला २०२०मध्ये योट्टाचं भलंमोठं केंद्र सुरू झालं. क्लाउड म्हणजे हेच: वातानुकूलित खोल्या, कपाटांच्या रांगा, अखंड वीज, बाहेर डिझेल जनरेटर आणि दारावर पहारा. त्या कपाटांना मालक आहे, त्यांचं बिल आहे आणि तीही बंद पडतात.

२० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडे नरक चतुर्दशी होती. त्या दिवशी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील केंद्रात बिघाड झाला आणि जगभरातल्या सेवा तासन् तास कोलमडल्या. अलेक्साची उपकरणं उत्तर देईनात, रिंगचे दारावरचे कॅमेरे आंधळे झाले, इंटरनेटला जोडलेल्या महागड्या गाद्यांचं तापमान लोकांना बदलता येईना. माणसं स्वतःच्या पलंगावर घामाघूम होत होती, कारण दुसऱ्या राज्यातला सर्व्हर आजारी होता. गादी धडधाकट होती, वीज होती, माणूस जागा होता. तरी गादी त्याचं ऐकत नव्हती.

दुसरी गोष्ट याहून वाईट. रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातली उपकरणं एकत्र चालवणारं तीनशे डॉलरचं यंत्र होतं. ‘नेस्ट’ या दुसऱ्या कंपनीने २०१४मध्ये ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६मध्ये सर्व्हर बंद करून टाकला. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. एका निर्णयाने लोकांच्या घरातली चालती वस्तू भंगार झाली. आपल्याकडे पंखा पंचवीस वर्षं चालतो, मिक्सर रिवाइंड करून पुन्हा कामाला लागतो. त्याच घरात आपण अशी वस्तू आणतो, जिचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर आहे. खोक्यावर वॉरंटी छापलेली असते. सर्व्हर किती वर्षं चालू ठेवणार, ते छापलेलं नसतं. ते छापणं सक्तीचं करा, ही माझी मागणी.

*

आता विजेच्या बचतीकडे येऊ, कारण स्मार्ट घर विकताना बचतीचं आमिष सगळ्यात आधी दाखवतात. साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोघा अभियंत्यांनी २०१२मध्ये ॲटमबर्ग कंपनी काढली आणि २८ वॅटचा पंखा घराघरांत नेला. हिशेब मांडा. ७५ वजा २८, म्हणजे ४७ वॅट वाचले. रोज बारा तास पंखा धरला तर वर्षाला दोनशेहून अधिक युनिट वाचतात. ही बचत मोटर करते. पंख्याला वायफाय असो वा नसो, आकडा तोच राहतो.

उलट, कायम जागं राहणारं प्रत्येक उपकरण थोडी वीज खातंच. एक वॅट धरा. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे पावणेनऊ युनिट. घरात असे दहा प्लग-दिवे-स्पीकर असतील, तर वर्षाला सत्त्याऐंशी युनिट नुसतं हुकमाची वाट पाहण्यात जातात. पैसे मोटरवर खर्च करा. दिव्याला ॲप जोडून बिल उतरत नाही.

आणि वापर? स्मार्ट बल्ब चालायला भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं. घरातली आजी सवयीने बटण बंद करते आणि बल्ब ॲपला सापडेनासा होतो. मग घरातली माणसं आजीला दटावतात. चूक आजीची नाही. आयुष्यभर जे बटण तिचं ऐकत आलं, ते वस्तू बनवणाऱ्याने तिच्या हातून काढून घेतलं. रात्री तीनला वीज जाऊन आली की कित्येक बल्ब आपोआप पूर्ण उजेडात पेटतात, कारण वीज आली की पेटायचं हीच त्यांची मूळ मांडणी असते. अलेक्साला भारतात २०१९मध्ये हिंदी शिकवली गेली. मराठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाने दिवा लावण्यासाठी आपली भाषा का बदलावी? वायरमनला विचाराल तर तो शहाणा सल्ला देईल: बल्ब राहू दे, बोर्डात न्यूट्रल असेल तर बटणामागे स्मार्ट रिले बसवू. त्यात बटणही चालतं, मोबाइलही चालतो. नेट गेलं तरी आजीचं बोट चालतं. घरात आणायची तर ही रचना आणा.

*

सुरक्षेच्या नावाने सगळ्यात जास्त माल खपतो. जुईनगरला या विषयावर कोणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०१७मध्ये सेक्टर ११मधल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जे घडलं, ते इथल्या लोकांनी अंगावर झेललंय. चोरांनी काही महिने आधी जवळचं दुकान भाड्याने घेतलं, तिथून जमिनीखालून भुयार खणलं आणि ते थेट लॉकरच्या खोलीत निघाले. दुसरा शनिवार आणि रविवार, बँक बंद. १३ तारखेच्या सोमवारी शाखा उघडली तेव्हा तीस लॉकर फोडलेले होते. लेकीच्या लग्नासाठी साठवलेलं, सासूने सुनेला दिलेलं सोनं गेलं.

धोका जमिनीखालून आला. दारावर रोखलेल्या कॅमेऱ्याला तो दिसणारच नव्हता. तिजोरीच्या खोलीतला कंप ओळखणारे सेन्सर जगात कित्येक दशकं मिळताहेत. तसाच कंप ओळखणारा बारीक सेन्सर आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. सेन्सरचं खरं काम हे: धोका जिथून येऊ शकतो तिथे कान लावणं आणि तो आवाज ऐकायला रविवारी रात्रीही कोणीतरी जागं असणं. यातलं एक जरी नसलं, तर उरलेली सगळी यंत्रं शोभेची. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये लॉकरचे नियम बदलले, ते जानेवारी २०२२पासून लागू झाले. बँकेच्या हलगर्जीने चोरी झाली तर वार्षिक भाड्याच्या शंभर पट भरपाई, आणि ये-जा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान १८० दिवस जपणं, ही त्यातली कलमं लॉकर असलेल्या प्रत्येकाने वाचावीत.

आता आपल्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांकडे पाहा. वॉचमनच्या केबिनमधला, चित्रण साठवणारा डीव्हीआर उघडा. पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे का? २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने याच आळसावर हात मारला. साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन तो इंटरनेटभर फिरला, लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांतल्या अनेकांनी मिळून संकेतस्थळांचे पत्ते सांभाळणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पडल्या. मिराई लिहिणारे तिघे विशीतले तरुण होते. चोर पकडायला लावलेला कॅमेरा चोराच्या हाताखाली कामाला लागला आणि मालकाला पत्ताही लागला नाही.

धोका बाहेरच्या चोरापुरताही नाही. रिंग कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहक महिलांच्या खासगी खोल्यांतलं चित्रण पाहिलं, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३मध्ये ठेवला आणि कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वेळी मुलांच्या आवाजाच्या नोंदी साठवून ठेवल्याबद्दल ॲमेझॉनने अलेक्साच्या प्रकरणात अडीच कोटी डॉलर भरले. बेडरूममध्ये कॅमेरा लावू नका. बाळाच्या पाळण्यापाशी लावायचाच असेल, तर चित्रण घरातल्याच कार्डावर ठेवा.

आपल्याकडेही सरकार जागं झालंय. ९ एप्रिल २०२५पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची आहे. चांगलं झालं. पण त्याआधी बसवलेले कॅमेरे आपल्या जिन्यांत आहेतच. ते नीट करायला दिल्लीहून कोणी येणार नाही.

*

गेटवर आता वही नसते, ॲप असतं. पाहुणा आला की फोन वाजतो, ही सोय आहे. पण त्या ॲपमध्ये रोज सगळ्यात जास्त नोंदी कोणाच्या होतात? शिरवणे-तुर्भ्याकडून चालत येणाऱ्या कामवाल्या मावशींच्या. त्यांचा फोटो, फोन नंबर, आल्या कितीला, गेल्या कितीला, कोणकोणत्या घरी जातात. काही ठिकाणी तर त्यांना ताऱ्यांत गुणही दिले जातात. त्यांना कोणी विचारलं? नोंद दाखवली? चुकीची असेल तर खोडायची कुठे, ते सांगितलं? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो फ्लॅटमालकापुरता नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगं एक काम आहे: मावशींना त्यांची नोंद दाखवा आणि गुणांचे तारे बंद करा. ज्या बाईच्या हाती घराची किल्ली देतो, तिच्या पाठीमागे तिचा हिशेब ठेवणं हा अन्याय आहे.

*

आता घरातलं सगळ्यात मोठं स्मार्ट उपकरण. ते तुम्ही दुकानातून आणलेलं नाही. जिन्याखालच्या मीटर-पेटीत महावितरण जो नवा टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा, मीटर बसवतंय, तो हाच. दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वीजवापर तो मोजतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून वा शेजारच्या मीटरमार्फत कंपनीच्या संगणकाकडे धाडतो. त्याच्या आत एक रिले असतो, ज्याने घराची वीज दुरून तोडता येते.

या मीटरवरून राज्यात रान उठलं. जून २०२४मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं जाहीर केलं. त्यानंतर तंत्र तेच राहिलं, बिल महिनाअखेरच्या पद्धतीचं झालं. फायदाही आहे. जुलै २०२५पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. दुपारी सौरवीज मुबलक असते, ती तेव्हाच वापरली जावी हा त्यामागचा हेतू योग्य आहे. धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री ही कामं दिवसा उरकणाऱ्याला त्याचा लाभ मिळेल. सोसायटीचं पंपाचं मीटर वेगळं असतं, त्याला कोणता दर लागतो ते सचिवांनी जरूर पाहावं.

पण अर्ध्या तासाचा आलेख घराची दिनचर्या सांगतो. माणसं कधी उठतात, कधी झोपतात, गावी केव्हा गेली, दुपारी घरात कोणी असतं का. याच कारणावरून नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचं विधेयक अडवलं होतं. आपल्याकडे विरोध झाला तो बिल वाढेल या भीतीने. नोंदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मागेच राहिला. तो विचारायला हवा. आणि दुसरं लक्षात ठेवा: वीज कायदा २००३च्या कलम ५६प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. पूर्वी लाइनमनला दारात यावं लागायचं, त्याच्याशी बोलता यायचं, महिनाअखेरची मुदत मागता यायची. आता खटका ऑफिसातून पडू शकतो. खटका दूर गेला म्हणून नोटीस रद्द होत नाही. ती मागा.

*

मग सगळं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा सेन्सर प्रत्येक सोसायटीत हवा. मोरबे धरणातून आलेलं पाणी नवी मुंबईत गच्चीवरून वाहून जाताना पाहवत नाही. स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारा भोंगा हवा. मुलं परदेशी आणि घरात एकटी म्हातारी असेल, तर सकाळी दहापर्यंत दार उघडलं नाही की शेजाऱ्याला निरोप देणारा सेन्सर हवा. या तिन्हींत यंत्र माणसाच्या कामी येतं. टाकीच्या सेन्सरला आणि गॅसच्या भोंग्याला इंटरनेट लागतच नाही. तिसऱ्याला लागतं, पण निरोप कोणाला जावा ते म्हातारीच ठरवते.

तेव्हा गृहनिर्माण सोसायट्यांनी ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चार गोष्टी ठरावाने पक्क्या कराव्यात. कॅमेऱ्यांचे आणि राउटरचे पासवर्ड बदलले, हे सचिवांनी सभेला लेखी सांगायचं. चित्रण किती दिवस राहतं आणि ते कोण पाहू शकतं, हे सूचनाफलकावर लावायचं. गेटच्या ॲपमधली नोंद ज्याची त्याला, कामवाल्या मावशींनाही, मागितल्यावर दाखवायची. आणि नेट गेल्यावर जे चालत नाही, असं कोणतंही कुलूप, लिफ्ट वा पंप सोसायटीच्या पैशाने घ्यायचं नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून सहज ओळखता येणाऱ्या सरसकट पासवर्डांवर बंदी घातली आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ देणार ते जाहीर करणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. सगळ्या उपकरणांसाठी तसा कायदा आपल्याकडेही यायला हवा, आणि त्याचा आग्रह अशाच ठरावांतून उभा राहील. ठरावाला एक कागद, एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. यंदाच्या सभेत सूचक म्हणून तुमचं नाव असू द्या.